सराव पाठ, प्रोजेक्टर आणि पस्तीस मिनिटांची तासिका

तुटका_खडू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अध्यापन पद्धती गणित आणि विज्ञान. सध्या मध्य मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत इंटर्नशिप चालू आहे. पुढे टेट (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी आणि मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसणं आहेच, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

वर्गात तंत्रज्ञान कधी आणायचं याबद्दल माझं एक मत बनत चाललंय आणि ते आमच्या पाठ निरीक्षणाच्या तक्त्याशी जुळत नाही. तक्त्यात प्रस्तावना, प्रश्नकौशल्य, फलकलेखन वगैरे रकाने आहेत आणि एक रकाना 'तंत्रज्ञानाचा वापर' असा आहे. त्याला गुण आहेत. त्यामुळे होतं काय, की जो तो आधी पीपीटी बनवतो आणि मग तिच्याभोवती पाठ गुंडाळतो. माझं म्हणणं उलट आहे. मुलं कुठे अडतात ते आधी कळू दे, आणि त्या अडलेल्या जागी फळा अपुरा पडत असेल तरच पडदा लावावा.

उदाहरण देते. आठवीला 'त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा' असं प्रकरण आहे. लघुकोन त्रिकोणात शिरोलंबसंपात (तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू) त्रिकोणाच्या आत, काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूवर, विशालकोन त्रिकोणात बाहेर. फळ्यावर तीन वेगळ्या आकृत्या काढाव्या लागतात आणि मुलं तीन वेगळी विधानं पाठ करतात. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक शिरोबिंदू बोटाने ओढत न्यायचा. संपातबिंदू आतून सरकत सरकत कडेला येतो, कोपऱ्यावर बसतो आणि बाहेर पडतो. "अरे, तोच आहे की हा!" असं एक मुलगा ओरडला. हे फळ्यावर मला कधीच जमलं नसतं.

पण त्याच प्रकरणात मध्यगांच्या (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंतच्या रेषांच्या) वेळी मी लॅपटॉप मुद्दाम बंद ठेवते. पडद्यावर तिन्ही मध्यगा निमूटपणे एका बिंदूत मिळतात, कारण आकृती प्रोग्रॅमने काढलेली असते. वहीत तशा मिळत नाहीत. पेन्सिल बोथट, पट्टी तुटकी, मध्यबिंदू अर्धा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. मधोमध एक इवलासा त्रिकोण उरतो. मग पोरं भांडतात: "बाई, माझ्या मिळत नाहीयेत", "तुझी चुकली", "नाही, पुस्तक चुकलंय". खरंच मिळतात का, आणि मिळतातच असं कशावरून, हा प्रश्न या भांडणातूनच येतो. सिद्धता हवी कशाला, हे त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना पटतं. पडद्याने हा प्रश्नच गिळून टाकला असता.

तसंच समीकरणं सोडवताना. पीपीटीत ओळ अख्खी येऊन बसते. फळ्यावर मी लिहीत असते तेव्हा पुढची पायरी काय हे मुलांना माझ्याआधी सुचू शकतं, तेवढी फुरसत मिळते. शिवाय माझा लिहिण्याचा वेग आणि त्यांचा उतरवण्याचा वेग साधारण सारखा असतो.

आणि वेळेचं गणित आहेच. स्मार्ट खोली एकच, तीही वरच्या मजल्यावर. पन्नासेक मुलं रांगेत वर न्यायची, बसवायची, केबल शोधायची, खिडक्यांवर पडदे ओढायचे. पस्तीस मिनिटांतली दहा तिथेच जातात.

तुम्ही शिकवत असाल, शिकत असाल, पालक असाल, कसं ठरवता ते लिहा. एआयबद्दलही विचारायचंय, ते नंतर.

---

ठाणे_स्लो

शिक्षक नाही, पालक आहे. लेक सातवीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, प्रत्येक वर्गात भिंतभर पॅनेल. परवाचा संवाद जसाच्या तसा:

"आज काय शिकवलं?"
"व्हिडिओ दाखवला."
"कशाचा?"
"डायजेशनचा."
"मग अन्न पोटातून कुठे जातं?"
"ते येणार होतं, तेवढ्यात बेल झाली."

वही कोरी. प्रवेशाच्या वेळी याच पॅनेलचे फोटो माहितीपत्रकावर होते. धागाकर्तीशी पूर्ण सहमत. स्वीडननेही २०२३ मध्ये पडदे कमी करून छापील पुस्तकांवर पुन्हा पैसा घालायला सुरुवात केली, आणि आपण उलट्या दिशेने निघालोय.

---

मास्तर_निवृत्त

धागा आवडला. परळला एका शाळेत हयात गेली, गिरण्या चालू असल्यापासून त्यांच्या जागी टॉवर उभे राहीपर्यंत.

आमच्यापुढे प्रत्येक दशकात एक नवीन यंत्र आणून ठेवलं गेलं. आधी आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम. मुख्याध्यापकांच्या खोलीतला रेडिओ वर्गात यायचा आणि मुलं रेडिओकडे बघत बसायची, कारण नेमकं कुठे बघायचं हे कुणी सांगितलेलं नसायचं. मग दूरदर्शनवर पुण्याची बालचित्रवाणी. त्यातले काही कार्यक्रम फार सुंदर होते हो, ती संस्था २०१७ साली बंद पडली याचं मला आजही वाईट वाटतं. मग १९८४ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात काही निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक आले. आमच्याकडे संगणक आला तो बराच नंतर. त्याला स्वतंत्र खोली, वातानुकूलन, प्लास्टिकचं आवरण, आणि चपला बाहेर. गाभाऱ्यापेक्षा कडक सोवळं. मुलांनी संगणकाला हात लावण्यापेक्षा पाया जास्त वेळा पडले असतील.

मुळात हे वेड जुनं आहे. एडिसनने १९१३ सालीच भाकीत केलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच जातील आणि सगळं चित्रपटांतून शिकवलं जाईल.

तुझ्या (अहोजाहो करत नाही, चालेल ना?) मध्यगांच्या भांडणावरून एक विचारतो. बीएडला अजून तो डेलचा अनुभव शंकू काढून घेतात का? आणि शेजारी "वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के" असं लिहून घेतात का?

---

तुटका_खडू

सर, 'तू' म्हणा, बरं वाटतं. आणि हो, घेतात. माझ्या जर्नलमध्ये रंगीत काढलाय. टक्क्यांसकट.

---

मास्तर_निवृत्त

मग ऐक. एडगर डेलने तो शंकू १९४६ च्या पुस्तकात मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती. प्रत्यक्ष कृतीपासून शब्दांसारख्या अमूर्त चिन्हांपर्यंत अनुभवांचे प्रकार कसे चढत जातात, एवढंच त्याला दाखवायचं होतं. ते १०-२०-३० नंतर कुणीतरी चिकटवलं आणि त्यामागे कुठलंही संशोधन नाही. आकडे इतके गोलगरगरीत आहेत यावरूनच संशय यायला हवा होता. माणसाची स्मरणशक्ती काय दहाच्या पाढ्यात चालते?

यंत्रं विकणाऱ्यांच्या प्रत्येक सादरीकरणात हा शंकू असतो. "मुलं पाहतील तर लक्षात ठेवतील." काय पाहतील, किती वेळ, त्याआधी त्यांना काय ठाऊक होतं, हे कुणी विचारत नाही.

---

टवाळ_चौथी_अ

"दहाच्या पाढ्यात" 😂

आमच्या वेळी सर खडू फेकून मारायचे. ते वायरलेस तंत्रज्ञानच होतं.

---

दुपार_अधिवेशन

मी महापालिकेच्या शाळेत शिकवतो, पूर्व उपनगरात. जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

हा धागा वाचताना मला थोडी धास्ती वाटते. "खडू-फळाच बरा" हे म्हणणं ज्यांच्या घरी वायफाय आहे त्यांना परवडतं. ठाणे_स्लो यांच्या लेकीने पचनसंस्थेचा व्हिडिओ वर्गात अर्धवट पाहिला, तरी घरी ती हवा तेव्हा पूर्ण बघू शकते. माझ्या वर्गातल्या मुलाच्या घरात फोन एक, तो वडिलांचा, आणि वडील रात्री अकराला रिक्षा लावून येतात. त्याला पेशी कशी दिसते हे मोठ्या पडद्यावर बघायला मिळण्याची जागा एकच, शाळा. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, पण त्यात एका वेळी एकच डोळा मावतो.

मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. एखाद्या माध्यमात एखाद्या विषयाचा शिक्षक प्रत्येक शाळेत मिळणं किती कठीण असेल ते बघा. व्हर्च्युअल क्लासरूममध्ये एका ठिकाणाहून चांगला शिक्षक अनेक शाळांना शिकवतो तेव्हा त्याला कुणी चैन म्हणू नये. २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले गेले तेव्हाही "पाठीवरचं ओझं कमी होणार" यावरच चर्चा झाली. माझ्या डोळ्यांपुढे वेगळीच गोष्ट राहिली आहे. ज्या मुलीच्या मोठ्या भावाने तिला घरच्या फोनला कधी हात लावू दिला नव्हता, तिच्या हातात पहिल्यांदा स्वतःचं यंत्र आलं. तिने आधी काय केलं? स्वतःचं नाव मराठीत टाइप करून बघितलं.

आणि स्वीडनच्या एका वर्गात किती मुलं असतात हो?

---

ठाणे_स्लो

मुद्दा मान्य आहे. तरी १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी सगळ्या मुंबईचीच वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. माझा भाचा लॉगिन करून बसला होता. सगळं एकाच तारेवर टांगू नये एवढंच म्हणतोय.

---

तुटका_खडू

@दुपार_अधिवेशन सर, राग कसला. पण मी फळ्याच्या बाजूने नाहीये. पेशी पडद्यावरच दाखवावी, माझ्या कसोटीतही ती बसते: जे फार लहान आहे, फार दूर आहे, फार हळू किंवा फार वेगाने घडतं ते फळ्यावर येत नाही. माझी तक्रार त्या रकान्याबद्दल आहे. रकाना विचारतो 'वापरलं का?' आणि मुलांचं काय अडलं होतं हे कुठल्याच रकान्यात नाही.

तुमच्या एका वाक्यावर मात्र थांबले. घरी पडदा आहे की नाही, हा प्रश्न मी माझ्या कसोटीत धरलाच नव्हता, आणि तो धरला तर काही ठिकाणी उत्तर बदलतं. उदाहरणार्थ सर्किट. फेटची (प्रयोग पडद्यावर करून बघायची) सिम्युलेशन्स मराठीतही आहेत, डाउनलोड केली की इंटरनेटशिवाय चालतात. माझा हट्ट होता की सेल, बल्ब, वायर हातात द्यायच्या आणि सिम्युलेशन टाळायचं. पण वर्गात जेवढं साहित्य आहे त्यात पन्नास मुलांपैकी दहा जोडतात, बाकीची मान लांब करून बघतात. आधी हातात, मग पडद्यावर, असं दोन्ही करून बघेन.

---

सात_बेटं

भूगोल-इतिहासवाली. माझ्या विषयात पडद्याशिवाय मी काही भाग शिकवणारच नाही.

मुंबईची सात बेटं मुलांना पाठ असतात: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. गाण्यासारखी म्हणून दाखवतात. पण "आपण आत्ता बसलोय ती जागा बेटावर होती की पाण्यात?" असं विचारलं की शांतता. मी जुना नकाशा आणि आजचा उपग्रहाचा फोटो एकमेकांवर ठेवून दाखवते आणि मुलांना आपापलं घर शोधायला लावते. एका मुलाचं घर खाडीत निघालं. त्याने घरी जाऊन आजीला सांगितलं, आजी म्हणाली, "म्हणूनच दर पावसाळ्यात पाणी भरतं."

गूगल अर्थ प्रोमध्ये (संगणकावरचं, २०१५ पासून मोफत आहे) जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं बघण्याची सोय आहे. हाजीअली ते वरळीचा किनारा उघडायचा आणि २०१८ नंतरची वर्षं एकेक करत पुढे सरकवायची. कोस्टल रोडचा भराव समुद्रात कसा पसरत गेला ते दिसतं. मग विचारायचं, अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला तेव्हा असंच दिसलं असेल का? समुद्र हटवून जमीन करणं ही पुस्तकातली जुनी गोष्ट आहे असं मुलांना वाटत असतं. ती आत्ताही चालू आहे हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी कळतं.

मिठी नदीही तशीच. विहार-पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंत बोटाने माग काढायचा. मध्ये वांद्रे-कुर्ला संकुल लागतं, ते दलदलीत भराव घालूनच उभं राहिलं. मग २६ जुलै २००५, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पाणी कुठे जाणार होतं, हे विचारावं लागत नाही, मुलंच सांगतात.

एक सावधगिरी. हे सगळं वर्गात थेट नेटवर करायला जाऊ नका. आदल्या रात्री घरी स्क्रीन रेकॉर्डिंग करून पेनड्राइव्हवर घ्या.

आणि गृहपाठ मात्र पूर्ण बिनविजेचा: आपल्या गल्लीचा नकाशा चालून काढा, पाणी तुंबणाऱ्या जागा लाल पेन्सिलीने दाखवा. आलेले काही नकाशे तर इतके भारी होते की जपून ठेवलेत.

---

लॅमिंग्टन_रोड

मी दुसऱ्या बाजूचा. काही वर्षं शाळांना पॅनेल विकायचं काम केलं, आता स्वतंत्रपणे दुरुस्ती करतो. मास्तरांनी शंकूबद्दल लिहिलं ते वाचून हसलो, आमच्या सादरीकरणात तिसऱ्या स्लाइडला तोच होता.

विकताना आम्ही विश्वस्तांना दाखवायचो, शिक्षकांना नाही. आणि दाखवायचो कुठे? वातानुकूलित खोलीत, पडदे ओढून, चार माणसांसमोर. खऱ्या वर्गात पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीनला ऊन थेट पडद्यावर येतं, पंखा चालू असतो, बाहेर हॉर्न. मुंबईच्या दमट हवेत प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर चित्र धुरकट दिसतं म्हणून फोन येतात, त्यातले निम्मे याच कारणाने. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रोजेक्टर नुसता झाकून ठेवू नका, मधूनमधून चालवा.

विकत घेणाऱ्या शाळेने एकच गोष्ट करावी. विक्रेत्याला शेवटच्या बाकावर बसवावं आणि पडद्यावरचं वाचायला सांगावं. मग देखभाल करार पहिल्या वर्षानंतर कितीला पडतो ते विचारावं. तोंड बघण्यासारखं होतं.

धागाकर्तीसाठी: स्मार्ट खोलीत वर जाण्याऐवजी जुना अँड्रॉइड फोन एका स्टँडवर आडवा, कॅमेरा खाली करून लावा आणि लॅपटॉपमार्गे प्रोजेक्टरला जोडा. मोफत अ‍ॅप्स आहेत. खाली मुलाची वही ठेवली की सगळ्या वर्गाला ती पडद्यावर दिसते. तुमचा तो इवलासा त्रिकोण पन्नास मुलांना एकदम दाखवता येईल. महागडे डॉक्युमेंट कॅमेरे हेच करतात.

---

तुटका_खडू

हे फार म्हणजे फारच आवडलं! मध्यगांच्या तासाला मी पडदा नको म्हणत होते, आणि पडद्यावर मुलांचीच वही आली तर माझा आक्षेपच उरत नाही.

---

सहा_ठिपके

विशेष शिक्षिका आहे, दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी मुलांबरोबर काम करते. इतका वेळ सगळे 'दाखवणं' आणि 'बघणं' याबद्दलच बोलत आहेत, म्हणून राहवलं नाही.

माझ्या मुलांसाठी तंत्रज्ञान म्हणजे कान. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) मराठी वाचतो. आवाज यंत्राचा, कोरडा, पण मुलांना सवय होते आणि मग ती तो इतक्या वेगाने ऐकतात की तुम्हाआम्हाला अक्षर कळणार नाही. फोनवर तसंच काम करणारं टॉकबॅक आहे. ब्रेल शिकायचंच, त्याला पर्याय नाही, शुद्धलेखन ऐकून येत नाही. पण पुस्तक ब्रेलमध्ये येईपर्यंत वर्ष संपतं, आणि मजकुराची फाइल आजच्या आज वाचता येते.

अडचण कुठे येते ठाऊक आहे? शाळेच्या प्रश्नपत्रिकेत. अजून कित्येक ठिकाणी मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होतो. दिसायला देवनागरी, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. स्क्रीन रीडर ते "एफ, क्यू, कंस, डॉलर" असं वाचत सुटतो. नाहीतर कुणीतरी पानाचा फोटो काढून पीडीएफ करून पाठवतं, तो तर मुकाच.

तेव्हा भावी शिक्षिकेला माझी एकच विनंती. टाइप कराल ते युनिकोडमध्ये करा. इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिका, नाहीतर फोनवर बोलून टाइप करा आणि नंतर तपासा. आणि फळ्यावर लिहिताना तोंडाने म्हणत लिहा. "याला यातून वजा केलं" असं म्हणू नका, "पंधरातून सात वजा केले" म्हणा. एवढ्याने माझा विद्यार्थी तुमच्या वर्गात बसू शकतो. झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं साधन केंद्र आहे, जमलं तर इंटर्नशिप संपायच्या आत एकदा जाऊन बघा.

---

दुपार_अधिवेशन

"याला यातून वजा" हे मी रोज म्हणतो. उद्यापासून लक्ष ठेवतो.

फॉन्टचं तर काय सांगू. कधीकाळी मेहनतीने टाइप केलेल्या प्रश्नपेढ्या आहेत, आता उघडल्या की कुठल्यातरी परक्या भाषेतली पत्रं वाटतात.

---

ठाणे_स्लो

एक पालक म्हणून अजून थोडं. वहीचा फोटो पडद्यावर दाखवा, पण तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. आमच्या गटावर "बघा कसं लिहिलंय" म्हणून एका मुलाची वही फिरली, नावासकट. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा राहू द्या बाजूला, त्या मुलाचं दुसऱ्या दिवशी वर्गात काय झालं असेल ते बघा.

---

तुटका_खडू

नोंद घेतली.

आता एआय. दोन गोष्टी आहेत. आमच्यातले बरेच जण पाठ टाचण (तासाचा लेखी आराखडा) चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. पंचपदी (पाठाच्या पाच पायऱ्या), उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, सगळं छान नटूनथटून येतं. आणि मुलांचे निबंधही तसेच यायला लागलेत. नववीच्या एकाने "पावसाळ्यातील एक दिवस" लिहून आणला, त्यात मोर होता, मातीचा सुगंध होता आणि बळीराजा आनंदला होता. मुलगा कुर्ल्याचा.

---

टवाळ_चौथी_अ

कुर्ल्याला पावसात बळीराजा नाही, मोटरमन आनंदतो. सुट्टी मिळते.

---

मास्तर_निवृत्त

पोरी, टाचणं आमच्या वेळीही मागच्या बॅचच्या जर्नलवरूनच उतरायची. यंत्राने त्यात नवीन पाप काही केलेलं नाही, फक्त अक्षर सुधारलं. टाचणात एक ओळ मात्र तू स्वतः लिही: या प्रश्नाला कोणती चुकीची उत्तरं येतील आणि ती का येतील. (विशालकोन त्रिकोणात शिरोलंब काढताना पाया वाढवायचा असतो हे किती जणांना सुचत नाही, हे तुला आता माहीत आहे.) ती ओळ जमली तर बाकीचं टाचण कुणी का लिहिलेलं असेना.

मोराचा निबंध. मुळात तो मोर यंत्राने आणला हे कशावरून? चाळीस वर्षं मी तोच मोर तपासला आहे. निबंधमालांतून यायचा, शिकवणीच्या नोट्समधून यायचा. मी असतो तर तो निबंध फळ्याशेजारी लावला असता आणि वर्गाला लाल पेन दिलं असतं. "यातलं काय काय कुर्ल्यात दिसत नाही ते खोडा. खोडलं त्याच्या जागी काय दिसतं ते लिहा." रुळांवरचं पाणी, शाळेच्या बाहेर फाटकी छत्री विकायला बसलेला माणूस, घरात खाटेवर चढवलेलं सामान. दोन तासिका जातील, जाऊ देत.

मात्र एक सांभाळ. मीही परवा नातवाच्या फोनवर ते यंत्र वापरून पाहिलं. एका जुन्या कवितेच्या दोन ओळी देऊन कवी विचारला. त्याने ठामपणे भलत्याच कवीचं नाव सांगितलं, वर कवितासंग्रहही जोडून दिला. तो ठामपणा मुलांना खरा वाटतो. आम्ही निदान "उद्या बघून सांगतो" म्हणायचो.

---

सात_बेटं

लाल पेनाची कल्पना चोरते आहे. मी ती स्थानिक इतिहासाला लावणार: आमच्या वस्तीबद्दल यंत्राने लिहिलेला परिच्छेद घेऊन मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून तपासून आणायचा.

---

तुटका_खडू

सगळ्यांचे आभार. गुरुवारी माझा निरीक्षण पाठ आहे, मध्यगांवरच. ठरवलंय: आधी सगळ्यांनी वहीत काढायच्या, मग तीन-चार वह्या फोनच्या कॅमेऱ्याखाली, भांडण होऊ द्यायचं, आणि जिओजेब्रा अगदी शेवटी, तेही कुणी "खरं काय ते दाखवा" म्हणून मागितलं तरच. बोलत बोलत लिहिण्याचाही सराव करतेय, आईला वाटतंय डोक्यावर परिणाम झाला. त्या रकान्यात निरीक्षक काय देतील ते देतील.

@लॅमिंग्टन_रोड, माझ्या लॅपटॉपला एचडीएमआयचं छिद्रच नाही, टाइप-सी आहे. काय घेऊ?

---

लॅमिंग्टन_रोड

टाइप-सी ते एचडीएमआय अ‍ॅडाप्टर. पण आधी लॅपटॉपचा टाइप-सी चित्र बाहेर देतो का ते बघा, काही नुसतेच चार्जिंग आणि डेटापुरते असतात. मॉडेलचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सांगतो. आणि शाळेचा प्रोजेक्टर जुना असेल तर त्याला निळी व्हीजीए पिन असेल, मग वेगळा अ‍ॅडाप्टर लागेल. उद्या जाऊन प्रोजेक्टरच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. खरेदीला रविवारी येऊ नका, इथली बहुतेक दुकानं बंद असतात.

---

तुटका_खडू

निळीच आहे. व्यनि केलाय.